चीनमध्ये प्रेमाचा राजकारणाशी एवढा संबंध कसा काय आला?

प्रश्न असा आहे की चिनी क्रांतीच्या इतिहासात प्रेमविवाह सारखा मध्ये का येतो. प्रेम तर दोघांची खासगी बाब. अनुवादातून चिनी साहित्य वाचायचा नाद आहे, त्या जोरावर उत्तर देतो.

तिथं लग्न खासगी कधी नव्हतंच. तो दोन घराण्यांमधला व्यवहार होता. त्यामुळे १९१९ च्या चार मे चळवळीतल्या, म्हणजे जुन्या रूढींविरुद्ध उठलेल्या विद्यार्थी चळवळीतल्या पोरांनी ‘माझं लग्न मी ठरवणार’ म्हटलं, की ते बापाविरुद्धचं आणि पर्यायानं सगळ्या जुन्या व्यवस्थेविरुद्धचं बंड ठरायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात छांगशा शहरात चाओ आडनावाच्या तरुणीनं, मनाविरुद्ध सासरी नेत असताना, पालखीतच वस्तऱ्यानं गळा चिरून घेतला. तिथल्या दैनिकात एका तरुण शिक्षकानं यावर पाठोपाठ नऊ-दहा लेख लिहिले. समाज, माहेर आणि सासर अशा तीन लोखंडी जाळ्यांत ती अडकली होती, असं त्याचं म्हणणं. हा शिक्षक म्हणजे माओ. त्याचंही लग्न वडिलांनी चौदाव्या वर्षी परस्पर लावून दिलं होतं आणि त्यानं ते कधी मानलं नाही.

या धामधुमीत मला सगळ्यात शहाणा वाटतो तो लेखक लू शुन. घर सोडून बाहेर पडलेल्या बाईनं पुढे खायचं काय, हे त्यानं १९२३ मध्ये विद्यार्थिनींपुढच्या भाषणात रोखठोक विचारलं. दोन वर्षांनी लिहिलेल्या त्याच्या एका कथेत ‘माझ्यावर हक्क फक्त माझा’ म्हणत प्रियकराकडे आलेली मुलगी शेवटी बापाच्याच घरी परतते आणि मरते. मध्ये काय घडतं? त्याची नोकरी जाते, बस्स.

कम्युनिस्टांनी प्रेमाची बाजू घेतली ती मनापासून, पण फुकट नाही. १९४३ मध्ये कान्सू प्रांतातल्या, कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या भागात फंग आडनावाच्या शेतकऱ्यानं लहानपणीच ठरलेलं मुलीचं लग्न मोडून जास्त पैसे देणाऱ्यांकडे तिची सोयरीक करायचा सपाटा लावला. मुलीला पहिलाच मुलगा पसंत. मग त्या मुलाच्या बापानं वीसेक माणसं घेऊन रात्री तिला उचलूनच आणलं. खालच्या कोर्टानं लग्न रद्द ठरवलं. अपिलात मा शीवू नावाच्या न्यायाधीशानं गावकऱ्यांसमोर सुनावणी घेतली, मुलीला तिची मर्जी विचारली, लग्न कायम केलं आणि दोन्ही बापांना शिक्षा दिली.

यावर पुढे संगीत नाटक आलं, १९५६ मध्ये सिनेमाही निघाला. त्यातली नायिका गाण्यात सांगते, मी याच्या प्रेमात पडले ती आदर्श श्रमिकांच्या मेळाव्यात! खऱ्या मुलीला असलं काही कारण लागलं नव्हतं. इथंच मेख आहे. प्रेम करा, पण कष्टाळू, पक्षनिष्ठ माणसावर करा.

१ मे १९५० पासून नवा विवाह कायदा लागू झाला आणि सक्तीच्या लग्नांवर बंदी आली. घटस्फोटांची अशी रांग लागली की लोक त्याला ‘घटस्फोटाचा कायदा’च म्हणू लागले. पण बाप बाजूला झाला तशी त्याच्या खुर्चीत संघटना येऊन बसली. लग्नासाठी कामाच्या ठिकाणाहून किंवा गावच्या समितीकडून पत्र आणावं लागायचं. ही अट २००३ मध्ये सुटली.

(आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९४१ मध्ये युद्धभूमीवरच परिचर्या शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत-चीन. बारशातही परराष्ट्र धोरण!)

माओनं १९६६ मध्ये सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत तर प्रेम रंगमंचावरूनच हद्दपार झालं. त्या काळच्या ‘आदर्श’ नाटकांत नायिकेला नवरा असला तरी तो परगावी. एका नाटकात आजी, बाप आणि मुलगी अशी तीन पिढ्यांची तीन माणसं एकाच घरात राहतात आणि एकमेकांची रक्ताची कुणीच नसतात. नातं काय ते क्रांतीचं.

१९८० च्या कायद्यानं मात्र ‘आपसातलं प्रेम संपलं’ हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहून मान्य केलं. माझ्या मते हा खरा मोठा बदल. पण सरकारनं पाय पुरता काढून घेतलेला नाही. २०२१ पासून दोघांच्या संमतीच्या घटस्फोटालाही ३० दिवस थांबावं लागतं. आणि २०१३ मध्ये जिथे १ कोटी ३४ लाखांवर लग्नं नोंदली गेली, तिथे २०२४ मध्ये जेमतेम ६१ लाख झाली. एकेकाळी परवानगीसाठी ताटकळत ठेवणारं सरकार आता लग्न करा म्हणून तरुणांच्या मागे लागलंय, आणि पोरं दाद देत नाहीयेत.