'डूलाली टॅप'मधला ताप

इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात, ते आपल्या देवळालीवरूनच का, आणि तिथं वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून का, असं एका वाचकानं विचारलं आहे. देवळालीवरूनच. इस्पितळाची गोष्ट लोक हौसेनं सांगतात, पण शब्दाला तिची गरज नाही. आणि प्रश्नात लिहिलंय तसं 'देवलाली' कृपा करून लिहू नका! ळ गिळायला गोऱ्या सोजिराकडे निदान कारण होतं, त्याच्या भाषेत तो नव्हताच. तुमचं काय?

देवळाली ही नाशिकजवळची इंग्रजी फौजेची छावणी, १८६१ची. मुदत संपलेल्या सोजिरांना मायदेशी नेणारी बोट मिळेपर्यंत इथं आणून ठेवत. फौजेच्या बोटी मुंबईहून सुटायच्या त्या नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलात मुदत संपली की अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा इथंच काढायचा, तोही बिनकामाचा. मग दारू, जुगार, मारामाऱ्या, कोठडी. वर्षानुवर्षं नेकीनं नोकरी केलेला गडीही इथं कामातून जायचा. अशाला बराकीत म्हणायचे, 'ह्याला डूलाली टॅप झालाय.' १९२५च्या सैनिकी बोलीच्या एका इंग्रजी कोशातही हा प्रयोग नोंदलेला आहे.

खरी मजा 'टॅप'मध्ये आहे. काही इंग्रजांना वाटतं, टॅप म्हणजे डोक्यात बसलेली टपली. छे! टॅप म्हणजे ताप, अंगात भरतो तो. इथं कोशकार फारसीतल्या 'तप'कडे बोट दाखवतात आणि विषय मिटवतात. कुणी म्हणेल, 'ताप' ऐकला असता तर गोऱ्यानं स्वर लांब ठेवला असता. ज्या कानानं देवळालीचं डूलाली केलं, त्या कानाच्या ऱ्हस्व-दीर्घावर एवढा भरवसा? छावणीबाहेर पाऊल टाकलं की मराठी मुलूख. दवाखान्यातल्या वॉर्डबॉयनं 'साहेबाला ताप आलाय' असंच म्हटलं असणार, असं माझं ठाम मत आहे. शिवाय ताप म्हणजे आजारही आणि जिवाला लागलेली कटकटही, हा दुहेरी अर्थ मराठीत रोजचा. 'डोक्याला ताप' म्हणजे नेमकं काय, हे त्या छावणीच्या सुभेदाराला विचारायला हवं होतं.

फारसीवाल्यांनी फार ताणू नये. त्यांचा तप आणि संस्कृतातला ताप एकाच घराण्यातले, क्षयाला उत्तरेत 'तपेदिक' म्हणतात त्यातही तोच. इतकंच काय, कोमट पाण्याला इंग्रज 'टेपिड' म्हणतो, तो शब्दही ह्याच मुळातून लॅटिनमार्गे त्याच्या घरी गेलेला. म्हणजे सोजिरानं देवळालीत उचलला तो स्वतःच्याच शब्दाचा चुलतभाऊ. पुढं त्यानं तोही गाळला आणि नुसतं 'डूलाली' ठेवलं.