क्लॉप मनाने एवढा चांगला, मग टचलाइनवर तसा का वागायचा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की लिव्हरपूलवाले 2024 पर्यंतचा आपला मॅनेजर क्लॉप याला देवमाणूस म्हणतात, बाकीचे रडका आणि दादागिरी करणारा म्हणतात, तर यातलं खरं काय. मी यातल्या कुठल्याच गोटातला नाही. मी हौशी लीगमध्ये बरीच वर्षं रेफरीगिरी केली, आणि त्यातली निम्मी तरी चौथा पंच म्हणून. दोन्ही बेंचच्या मधोमध, हातात बदली खेळाडूंच्या आकड्यांची पाटी धरून जो उभा असतो, तो मी. त्याच्याकडे शिट्टी नसते, झेंडा नसतो, निर्णय तर नसतोच. शिव्या मात्र सगळ्यात जास्त त्याच्याच वाट्याला येतात.

त्यामुळे "मनाने चांगला" हे शब्द वाचले आणि राहवलं नाही.

मॅनेजर खवळतो का, हा मुद्दाच नाही. नव्वद मिनिटं नोकरी पणाला लागलेली असते, खवळणारच. तो कुणावर खवळतो, ते बघायचं.

क्लॉपचंच घ्या. सप्टेंबर 2013, नेपल्स. तो तेव्हा जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला होता. त्याचा डिफेंडर सुबोटिच उपचारांसाठी बाहेर गेलेला, त्याला परत आत सोडायच्या आधीच कॉर्नरवर नापोलीच्या हिग्वाइनने हेडरने गोल मारला. क्लॉप कुणाकडे गेला? चौथ्या पंचाकडे. तोंडाला तोंड भिडवून. तिथून त्याची रवानगी स्टँडमध्ये. ऑक्टोबर 2022, लिव्हरपूलचं घरचं मैदान ॲनफिल्ड, समोर मँचेस्टर सिटी. सिटीच्या बर्नार्डो सिल्वाने लिव्हरपूलच्या सालाहला ओढलं, फाऊल मिळाला नाही, साहेब थेट लाइन्समनच्या अंगावर. लाल कार्ड. आणि एप्रिल 2023 ची टॉटनहॅमची मॅच तर कहर. तीन गोलची आघाडी घालवली, इंज्युरी टाइममध्ये 3-3 झालं, लगेच लिव्हरपूलच्या जोटाने चौथा मारला. आनंदाने वेडं व्हायचाच क्षण होता. पण हा माणूस आपल्या पोरांकडे पळाला नाही, चौथा पंच जॉन ब्रूक्सच्या तोंडासमोर जाऊन त्याने जल्लोष केला. त्यातच मांडीमागचा स्नायू धरला, ते एक बरं झालं.

आता हेच 2018 च्या मर्सीसाइड डर्बीशी, म्हणजे लिव्हरपूल-एव्हर्टन मॅचशी, ताडून बघा. 96 व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या ओरिगीचा गोल, आणि क्लॉप मैदानात धावत जाऊन गोलकीपर अलिसनच्या गळ्यात पडला. नियम मोडला, 8,000 पाउंड दंडही झाला, एव्हर्टनचा मॅनेजर मार्को सिल्वा याची त्याने लगेच माफीही मागितली. त्या धावण्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्याला तळमळ म्हणा, उत्साह म्हणा, काय हवं ते म्हणा. पण त्या डर्बीतला क्लॉप दाखवून टॉटनहॅमच्या मॅचमधला क्लॉप माझ्या गळ्यात मारू नका. आमच्या घरात हा उद्योग कायम चालतो, त्याकडे येतोच.

आमच्या सोळा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेची फायनल होती. मी चौथा पंच. एका टीमचा कोच म्हणजे टोपी, चष्मा, दाढी, ट्रॅकसूट, सगळा क्लॉप अंगावर चढवून आलेला. त्याचं नाव घेत नाही. पालक त्याच्यावर जाम खूश असत, पोरांना मिठ्या मारायचा, हरल्यावर बूट उचलायला मदत करायचा. पहिल्या हाफमध्ये पलीकडच्या बाजूला एक थ्रो-इन त्यांच्या विरोधात गेला. निर्णय पलीकडच्या लाइन्समनचा, तोही बरोबर. पण तो साठ-सत्तर मीटर लांब. मी हाताशी होतो.

तो कोचसाठी आखलेली चौकट ओलांडून माझ्याकडे आला. इतका जवळ की दाढांमध्ये दाबून धरलेलं च्युइंगम दिसत होतं. गळ्याची शीर फुगलेली, बोट माझ्या छातीपासून इंचभर. बोलताना उडालेला थुंकीचा थेंब माझ्या हातातल्या पाटीवरच्या 7 वर पडला आणि ओघळला. "तुला दिसत नाही का? डोळे आहेत का बटणं?" मी म्हणालो, सर, चौकटीत जा. तो आणखी चढला. मग एकदम वळला.

आणि वळल्यावर जे दिसलं, ते मी आजवर विसरलेलो नाही. माझ्याकडे पाठ होताच चेहरा साफ मोकळा. शीर गायब. सहायक कोचला शांतपणे, जरा हसून म्हणाला, "आता पुढचा आपला." बस. राग नव्हताच तो. वसुली होती.

पुढचा आला पण. थोड्या वेळाने एक कॉर्नर, जो गोल-किक असायला हवा होता, तो त्यांना मिळाला. हाफ टाइमला मी रेफरीला सांगितलं. ते वयाने, अनुभवाने मोठे. बाटलीतून दोन घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, "सोड रे. त्याचा स्वभावच तसा आहे. मनाने चांगला आहे." दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा कॅप्टन, मिसरूड फुटायचं होतं असं पोरगं, लाइन्समनसमोर जाऊन हुबेहूब तसंच बोट नाचवून आलं. त्याला मात्र रेफरींनी तत्काळ पिवळं दाखवलं. कोचला काही नाही.

बरं, तेव्हा नियम नव्हता असंही नाही. 2019 पासून बेंचवरच्या माणसालाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. बाटली भिरकावली, टोमणा म्हणून टाळ्या वाजवल्या, वारंवार चौकट सोडली, तर पिवळं. पंचाला जाब विचारायला मुद्दाम चौकट सोडली तर थेट लाल. बेंचवरून कुणी ओरडलं ते कळलंच नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य कोचच्या नावावर. नियम चोख आहे. तो वापरणारा मनगटाचा पाहिजे.

आमचे दाजी त्या फायनलला प्रेक्षकांत बसले होते. लिव्हरपूलचे कट्टर. त्यांनी तो सगळा प्रकार मोबाइलवर टिपला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, वर मथळा: "आमचा पंच आणि क्लॉप." सगळे पोट धरून हसले, माझी बहीणही. तेव्हापासून फुटबॉलचा विषय निघाला की दाजींचं एकच पालुपद: "अरे, पॅशन आहे ती! तुला नाही कळायची. पॅशनशिवाय ट्रॉफ्या येतात का?" दाजी वयाने आणि नात्याने मोठे, त्यामुळे मी "तुमचं बरोबर आहे" म्हणून उठतो. इथे उठायची गरज नाही.

तर दाजींच्या त्या ट्रॉफ्यांबद्दल. इटलीच्या अँचेलोत्तीने मॅनेजर म्हणून पाच वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली: 2003, 2007, 2014, 2022, 2024. एवढ्या कुणाच्याच नाहीत. तो माणूस गोल झाला तरी भुवई वर करतो, खाल्ला तरी भुवईच. डायनॅमो कीव्हचा जुना मॅनेजर लोबानोव्स्की बेंचवर बसून नुसता पुढे-मागे डुलायचा. भरल्या स्टेडियममध्ये मॅनेजरचा आवाज जवळच्या फुलबॅकपलीकडे जात नाही. स्ट्रायकर पन्नास मीटरवर, त्याला काय डोंबल ऐकू येणार? ज्याला ऐकू जातं तो एकच, पाटीवाला. आरडाओरडा त्याच्यासाठीच असतो, आणि त्याच्यामार्फत रेफरीसाठी.

कुणी म्हणेल, क्लॉपला एकट्याला का धरता. नाहीच धरत. अँथनी टेलर या एका इंग्लिश पंचाचा माग काढा, सगळी जत्रा भेटते. जानेवारी 2017: आर्सेनल-बर्नली, आर्सेनलचा मॅनेजर वेंगर याला बाहेर काढलं तरी तो टनेलच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याला मागे सारायला आलेल्या टेलरला त्याने ढकललं. चार मॅचची बंदी, 25,000 पाउंड दंड. वेंगर म्हणजे प्रोफेसर, सुसंस्कृत, चार पुस्तकं वाचलेला माणूस. ढकललं कुणाला? तेव्हा टेलर कोण होता? चौथा पंच! ऑगस्ट 2022: चेल्सी-टॉटनहॅम 2-2, हात मिळवताना दोन्हीकडचे मॅनेजर टुकेल आणि कोंते एकमेकांना भिडले, दोघांनाही लाल दाखवणारा टेलर. ही मारामारी मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते, निदान बरोबरीच्या माणसाशी होती. वर सांगितलेलं क्लॉपचं 2022 चं लाल कार्ड, तेही टेलरचंच. आणि मे 2023, बुडापेस्ट. युरोपा लीगची फायनल रोमा पेनल्टींवर सेव्हिलाकडून हरली. रोमाचा मॅनेजर मोरिन्हो पार्किंगमध्ये जाऊन थांबला, पंच गाडीकडे आले तेव्हा त्यांना शिव्या घातल्या. त्याला चार मॅचची बंदी झाली. पण त्याआधीच, दुसऱ्या दिवशी विमानतळावर, टेलर घरच्यांबरोबर असताना रोमाच्या चाहत्यांनी त्याला गाठलं. खुर्ची भिरकावली गेली. मोरिन्होने खुर्ची फेकली नाही, कबूल. पण चाहत्यांना बोट कुणी दाखवलं होतं?

मोरिन्होची एक गोष्ट मात्र मानतो. तो स्वतःला मनाने चांगला म्हणवून घेत नाही. 2011 च्या स्पॅनिश सुपर कपमध्ये बार्सिलोनाचा सहायक कोच टिटो विलानोव्हा याच्या डोळ्यात बोट घातलं तेव्हा ते मागून येऊन घातलं, हे भ्याडपणाचं होतं, पण त्यावर माद्रिदचे काही चाहते सोडले, तर कुणी "पॅशन" म्हणून हार घातले नाहीत. क्लॉपला हार मिळतात. माझा राग क्लॉपपेक्षा त्या हारांवर जास्त आहे.

टॉटनहॅमच्या त्या मॅचबद्दल एक राहिलंच. ब्रूक्ससमोर जो तमाशा केला त्याचं फक्त पिवळं मिळालं. मॅचनंतर रेफरी पॉल टियर्नी आमच्याविरुद्ध असतो अशा अर्थाचं जे बोलला, त्यासाठी 75,000 पाउंड दंड आणि दोन मॅचची बंदी, त्यातली एक स्थगित. म्हणजे रेफरीबद्दल बोललं तर बंदी, चौथ्या पंचाच्या अंगावर धावून गेलं तर पिवळं. आमची किंमत यावरून कळते.

तुमच्या मूळ प्रश्नाचं थोडक्यात: होय, क्लॉप बहुधा चांगला माणूस आहे. त्याच्याकडे खेळलेले खेळाडू त्याच्याबद्दल उगाच जीव तोडून बोलत नाहीत. 2015 मध्ये आला, 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग, 2020 मध्ये तीस वर्षांनी लीग, हे नुसत्या मिठ्या मारून होत नाही. सिटीच्या मॅचनंतर लाल कार्ड योग्यच होतं हे त्याने स्वतः मान्य केलं, टियर्नीच्या प्रामाणिकपणावर शंका घेतल्याबद्दलही नंतर माफी मागितली. असं मोरिन्होकडून कधी ऐकलंत? पण माफी मॅच संपल्यावरची आणि तोंडातली थुंकी मॅच चालू असतानाची, हा हिशोब पाटीवाल्याला विचारा. आणि शांत तो साधू, असंही समजू नका. आमचे भुवईवाले अँचेलोत्ती 2017 मध्ये बायर्नला असताना बर्लिनच्या प्रेक्षकांना मधलं बोट दाखवून आले होते. आपल्यावर कुणीतरी थुंकलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पाच हजार युरो भरले. तिथे मी त्यांच्या बाजूने आहे, थुंकी काय असते मला माहीत आहे.

एकदाच क्लॉपला समोरून उत्तर मिळालेलं मी बघितलं. एप्रिल 2024, वेस्ट हॅमशी 2-2. सालाह बदली म्हणून उतरायला टचलाइनवर उभा, दोघांची तिथेच जुंपली. मॅचनंतर सालाह म्हणाला, मी बोललो तर आग लागेल. त्या वेळी क्लॉप किती आवरून उभा होता, ते परत लावून बघा. समोर सालाह असला की नाकावरचा राग आपोआप मापात येतो.

दाजी हे उत्तर वाचणार, कुणीतरी लिंक पाठवेलच. दाजी, तो व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे, काढू नका. फक्त एकदा आवाज चालू करून शेवटपर्यंत बघा. तुम्ही सगळे जिथे हसायला लागता ना, त्याच्या पुढे, कोच वळल्यानंतर. "आता पुढचा आपला" स्वच्छ ऐकू येतं.