घर आणि बँड दोन्हीसाठी गिटारचा एकच ट्यूब कॉम्बो (ट्यूबवर चालणारा अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घ्यायचा असेल, तर १५, २२ की ४० वॅट?

तुमची गरज अशी दिसते: राहायला फ्लॅट, आठवड्यातून एकदा ड्रमसोबत सराव, वाजवायला ब्लूज आणि जुनं रॉक. आणि भाऊ अमेरिकेहून येताना अॅम्प आणू शकतो. माझं उत्तर: २० वॅटच्या आसपासचा, १२ इंची स्पीकरचा कॉम्बो घ्या, आणि तो २३० व्होल्टचाच घ्या. ४० वॅटची गरज तुम्हाला पडणार नाही. १५ वॅटचा क्लीन (स्वच्छ, न फाटलेला) आवाज मात्र दणकट हाताच्या ड्रमरपुढे फाटायला लागेल.

आधी वॅटचा घोळ सोडवू. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे १५ वॅटचा अॅम्प घरासाठी आणि ३० वॅटचा स्टेजसाठी, ही वाटणीच फसवी आहे. मार्शल डीएसएल२०सीआरवर २० वरून १० वॅटवर यायची सोय आहे, पण तीसुद्धा ३ डेसिबलचीच. शेजाऱ्यांना त्यातला फरक जाणवणार नाही.

स्पीकरकडे मात्र कोणी बघत नाही आणि खरी मेख तिथेच असते. सेलेस्टियन कंपनीच्या व्हिन्टेज ३० स्पीकरची संवेदनशीलता (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) १०० डेसिबल आहे, त्यांच्याच ग्रीनबॅकची ९८. नुसता स्पीकर बदलून २० वॅटचा अॅम्प ३२ वॅटचा झाल्यासारखा वाजतो. पण त्याच हिशेबाने १०० डेसिबलच्या स्पीकरला एक वॅट दिला तरी एक मीटरवर १०० डेसिबल होतात. आपल्याकडे निवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ आहे. म्हणजे फ्लॅटमध्ये कुठलाही ट्यूब अॅम्प ‘पूर्ण उघडून’ वाजणार नाही, ५ वॅटचासुद्धा नाही. हे आधी मान्य केलं की निवड सोपी होते.

घरात आवाज कमी ठेवून चांगला सूर मिळवायचे तीन रस्ते आहेत. पहिला मास्टर व्हॉल्यूमचा: गेन (अॅम्पच्या सुरुवातीच्या टप्प्याचा जोर) वर, मास्टर (एकूण आवाज) खाली. फेंडर ब्लूज ज्युनियरवर व्हॉल्यूम ८-९ आणि मास्टर २ ठेवला की प्रीअॅम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याच्या, ट्यूबमध्ये आवाज फाटतो, पण स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूब शांतच राहतात. त्यामुळे आवाज थोडा मधमाशीसारखा होतो, भरदार राहत नाही. दुसरा रस्ता इफेक्ट्स लूपचा, म्हणजे प्रीअॅम्प आणि पॉवर ट्यूबच्या मध्ये पेडल जोडायच्या जागेचा: लूपमध्ये साधं व्हॉल्यूम पेडल लावलं की तेच दुसरा मास्टर बनतं, आणि मास्टरच्या बटणावर १ आणि १.५च्या मध्ये केसाएवढी जागा शोधत बसावं लागत नाही. डीएसएलला लूप आहे, ब्लूज ज्युनियरला नाही. तिसरा रस्ता अॅटेन्युएटरचा. तो अॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि अॅम्पची बरीच ताकद स्वतःच खातो. त्याचे ओहम अॅम्पच्या ओहमशी जुळलेच पाहिजेत आणि त्याची क्षमता अॅम्पच्या वॅटच्या दुप्पट हवी. खूप खाली आणला की सूर बोथट होतो, शिवाय पॉवर ट्यूब पूर्ण जोरात चालत असल्याने लवकर संपतात. घरच्या सरावासाठी मला हा शेवटचा पर्याय वाटतो.

आता प्रत्यक्ष अॅम्प. फाटलेला आवाज अॅम्पमधूनच हवा असेल तर डीएसएल२०सीआर: दोन ईएल३४ पॉवर ट्यूब, लूप, वजन १६ किलो. तुमच्याकडे आवडीचं ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं) पेडल असेल तर फेंडर ’६५ डीलक्स रिव्हर्ब: दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, २२ वॅट, साधारण १९ किलो. त्याला मास्टर नाही, लूप नाही, पण क्लीन आवाज अगदी हळूही सुंदर राहतो आणि फाटायचं काम पेडल करतं. पेडलला दोन्ही आवाज सारखेच, घरातला आणि बँडमधला. तुम्ही ब्लूज वाजवता म्हणून माझं मत डीलक्सकडे झुकतं. सरावाला तो व्हॉल्यूम साधारण ५ पर्यंत क्लीन पुरतो. कार्यक्रमाला शूर एसएम५७ माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून थोडा बाजूला लावा आणि पुढचं साउंडवाल्यावर सोपवा. व्हॉक्स एसी३० लोभस आहे, पण ३० किलोच्या वरचा आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो एकदा चढला की सरावाला खाली उतरणार नाही.

भावाकडून आणायच्या बेताबद्दल मला काळजी वाटते. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावायचाच नाही. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल, नाहीतर ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर जातील. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याची क्षमता अॅम्पच्या ‘२२ वॅट’वर ठरवायची नाही. मागच्या पट्टीवर अॅम्प विजेचे किती वॅट खातो ते छापलेलं असतं, त्याच्या दुप्पट घ्या. त्यातही ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. दर सरावाला तो ठोकळा सोबत न्यायचा आणि कोणीतरी घाईत चुकीच्या पिनमध्ये खोचायचं, हा धोका वाचलेल्या पैशांपेक्षा मोठा आहे.

अर्थिंगही बघा. गिटारच्या तारा अॅम्पच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि समोरच्या माइकला ओठ लागला तर झटका बसतो. सरावाच्या जागी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन कधीही कापू नका, त्याने हम (सततची गुणगुण) गेला तरी नाही.

अॅम्प चालू करण्याआधी स्पीकरची वायर मागे खोचलेली आहे ना, ते हाताने चाचपा. रिक्षात किंवा टेम्पोत हादऱ्याने ती सुटते. स्पीकर नसताना ट्यूब अॅम्प वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो सुट्या भागांत सर्वांत महागड्यांपैकी आहे. स्टँडबायचं बटण असेल तर ते चालू करण्याआधी मिनिटभर थांबा. वाजवून झाल्यावर दहा मिनिटं गार होऊ द्या, गरम ट्यूबला हादरा सोसत नाही. पॉवर ट्यूब नेहमी जुळवलेली जोडीच घ्या आणि डीलक्सवर ती बदलल्यावर बायस (ट्यूबमधून सतत वाहणारा ठरावीक प्रवाह) तपासून घ्या. उघडून स्वतः हात घालू नका. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

जुना अॅम्प मिळत असेल तर बघायला जाताना अर्धा तास हाताशी ठेवा. गिटार न जोडता हम ऐका आणि खालच्या ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी वाजवून ताडून बघा. तो ९८ हर्ट्झचा असतो. हम जवळपास त्याच सुरात असेल आणि व्हॉल्यूम फिरवून बदलत नसेल, तर फिल्टर कपॅसिटर (आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणारे) थकलेत किंवा पॉवर ट्यूबची जोडी बिघडलीय. हम त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपास असेल, तर दोष बहुधा हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. मग पेन्सिलच्या रबराच्या टोकाने प्रीअॅम्पच्या ट्यूब हलकेच टिचका. थोडा टक्-टक् आवाज येणारच, पण घंटेसारखा घुमला तर ती ट्यूब बदला, ती स्वस्तातली दुरुस्ती आहे. बटणं खरखरत असतील तर घाबरू नका. आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत ते होतंच, कॉन्टॅक्ट क्लीनरने जातं. ट्यूबच्या डोक्यावरचा चंदेरी थर पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, ती ट्यूब गेली.

शेवटी खोलीतला दिवा बंद करा आणि मागून पॉवर ट्यूबकडे बघा. मधली नारिंगी तार दिसणारच. पण बाहेरच्या राखाडी पत्र्यावर लाल डाग उमटत असेल, तर लगेच स्विच बंद करा. तंत्रज्ञाने कारण शोधून दुरुस्त करेपर्यंत तो अॅम्प घेऊ नका.