हात ढिला कधी सोडायचा

अगं वेडे,

तुझा मेसेज रात्री वाचला, त्यात तीनदा लिहिलंयस की मला शिकवताच येत नाही. अकरा वर्षांची पोरगी क्लासमध्ये रडली एवढंच झालंय ना? माझ्याकडून तर एकजण व्हायोलिन इथेच टाकून पळाला होता, दुसऱ्या दिवशी त्याची आई येऊन घेऊन गेली. फोनवर मला धड सांगता येत नाही म्हणून लिहितोय, लांबेल, चहा घेऊन बस.

तू आमच्या मास्तरांना बघितलं नाहीस. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहायचे, तिथल्याच माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, मग घरीच गाणं आणि व्हायोलिन दोन्ही शिकवायचे, फी कधी तोंडाने मागितली नाही (हे अजिबात उचलू नकोस, फी एक तारखेला मागायची). आणि घोड्यांचं भयंकर वेड. स्वतःचा घोडा कुठून परवडणार, पण लष्करातल्याच कंपू भागात एका टांगेवाल्याची घोडी होती, पहाटेचा रियाझ झाला की हे तिकडे, खरारा करायला, चंदी, म्हणजे तिचा दाणा, भिजत घातली की नाही बघायला. माधवराव शिंदे महाराजांनी 1905 साली ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला आणि 1918 साली भातखंड्यांच्या मदतीने हे कॉलेज, त्यामुळे मास्तर म्हणायचे माझं माहेर आणि सासर एकाच माणसाने बांधलंय. मेळ्याला आम्हाला घेऊन जायचे तर पाळणे, पापड सगळं सोडून आधी जनावरांच्या बाजूला, थंडीत कुडकुडत आम्ही उभे आणि हे घोड्यांचे दात बघतायत!

आता मुद्द्याचं. ती घोडी मागे सरकायचीच नाही, टांगेवाला लगाम ओढून ओढून शिव्या द्यायचा. एकदा मास्तरांनी माझ्यासमोर तिच्या छातीवर फक्त दोन बोटं टेकवली आणि गप्प उभे राहिले. बराच वेळ काही नाही. मग तिने अंग जरासं मागे रेललं, पाय अजून उचललाही नव्हता, तेवढ्यात यांनी बोटं काढून घेतली. परत टेकवली, या वेळी एक पाऊल मागे गेली, परत लगेच काढली. चौथ्या-पाचव्या वेळेला नुसतं बोट दाखवलं तरी सरकली. मला म्हणाले, बोट टेकवल्याने नाही शिकली ती, काढल्याने शिकली.

मला तेव्हा काही कळलं नाही खरं सांगायचं तर, मी चौदा वर्षांचा, माझं लक्ष घरी नाश्त्याला काय असेल यात. खूप वर्षांनी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. पोरीचा भूप रागातला गंधार दहा वेळा चुकतो, अकराव्यांदा लागतो, आणि आपण काय करतो, "हां आला, परत लाव, परत लाव"! म्हणजे बरोबर आल्यावरही बोट छातीवर तसंच. तिला कसं कळणार की हाच तो? लागला की गप्प बसायचं गं. तंबोरा चालू दे, पाणी पी म्हणावं, दुसरं काहीतरी काढ. आणि "मोकळं गा" आणि "सुराकडे लक्ष दे" एका दमात सांगू नकोस, ते टाच मारून लगाम ओढण्यासारखं आहे, घोडं जागच्या जागी नाचतं नाहीतर उधळतं. तुझी रडली. तेच ते.

रडण्याआधी तिचे खांदे वर गेले असणार, तू पेटीकडे बघत होतीस. घोड्याचे कान बघून कळतं त्याचं ध्यान कुठे आहे ते, पोरांचे कान हलत नाहीत पण पायाचे अंगठे, मान, व्हायोलिनवाल्यांचा गज (वाजवायची काठी) धरलेला अंगठा, सगळं आधीच बोलत असतं. मास्तर कधीच विद्यार्थ्याच्या पाठीमागे उभे राहून बोलत नसत, ही तबेल्यातली सवय, घोड्याला थेट मागचं दिसत नाही आणि दचकला की लाथ. मी एकदा खाल्लीय, डाव्या मांडीवर, आठवडाभर जमिनीवर बसता येईना.

लयसुद्धा ते घोडीवरून शिकवायचे. साध्या चालीत चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात, दुडकीत तिरपे दोन-दोन पाय एकदम पडतात म्हणून दोनच, आणि त्यावरच्या चालीत तीन टापा आणि मग क्षणभर सगळे पाय हवेत. ती हवेतली जागा ऐका म्हणायचे. तिलवाड्यात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, पोरं मात्रा मोजून मोजून सम (पहिली मात्रा) गाठतात पण सोळाव्या मात्रेनंतर श्वासच नसतो, तिथे मला ही जागा आठवते.

आणि तुझ्या गजाचे केस बदलायला झालेत, मागच्या वेळी बघितलं, निम्मे तुटलेत आणि तू राळ थापत बसतेस. घोड्याच्या शेपटीचेच असतात ते, घोडीचे म्हणे मुताने पिवळे पडतात म्हणून नको असतात. मास्तरांना या गोष्टीचा घोडीच्या वतीने राग यायचा.

पोरीला या आठवड्यात भूप नको, नुसते पलटे, सुरांचा सराव, दे, आणि वीस मिनिटांत सोड. रविवारी सकाळी गज घेऊन ये, मग कंपूकडे जाऊ, तिथे हल्ली लग्नाच्या घोड्या असतात एकाकडे, ओळखीचा आहे. गूळ आण, फार नको, खडाभर.

तुझा,
काका