अर्जाचे पुढे काय झाले?

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालेला, पूर्व भागात राहणारा 68 वर्षांचा गृहस्थ आहे. जिल्ह्यात उजनीसारखे धरण असताना आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी सुटते, तेही रात्री दोनला. चावीवाला येईपर्यंत सूनबाई घागरी मांडून ओट्यावर ताटकळत बसते. एका कार्यालयात तीनदा अर्ज दिला, उत्तर एकदाही आले नाही. ज्या गावाच्या नगरपालिकेने 6 एप्रिल 1930 रोजी इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तिरंगा फडकवला, तिथे ही अवस्था, मग देशाचे काय होणार? यापुढे मत देऊ नये, नाहीतर सरळ ‘नोटा’चे बटण दाबावे, असे वाटते. (पत्र संक्षिप्त केले आहे.)
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या चार पानी पत्रात साडेतीन पाने देशाविषयी आहेत आणि घागरींविषयी जेमतेम अर्धे. आपला संताप खरा आहे. मात्र तो दिल्लीपर्यंत ताणला, की ज्याने उत्तर द्यायचे तो माणूस नामानिराळा राहतो.

1930 चा दाखला आपण दिलात, तो इथे फार लागू पडतो : तेव्हा झेंडा फडकवायला नगरपालिका तरी होती, अलीकडे मात्र निवडून आलेली महापालिकाच नव्हती. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी असे राज्यघटनेचे कलम 243-यू सांगत असताना, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात आपल्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपूनही निवडणूक जानेवारी 2026 पर्यंत लोंबकळत राहिली आणि जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात पाण्यावरून ज्याला दारात अडवावे असा नगरसेवकच नव्हता. आता तो आहे आणि नेमके आताच आपण मत न देण्याचे बोलता!

‘नोटा’ 2013 पासून आहे. पण विधानसभेला किंवा लोकसभेला त्याला सर्वाधिक मते पडली, तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो.

अर्जाकडे वळू. आपण पोच घेतली होती का? बारनिशीत, म्हणजे आवक-जावक कक्षात, अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा. मग माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एवढेच मागावे : अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेस काय शेरा लिहिला, त्याची प्रत. ‘पाणी का येत नाही’ असे विचारू नये, कारण कायद्याने कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे ती साडेतीन पाने घरीच ठेवावी लागतील. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. शेऱ्याची प्रत हाती आली, की ती घेऊन नगरसेवकाकडे जावे, आणि जमल्यास सूनबाईंनाही बरोबर न्यावे. पाणी किती वाजता सुटते आणि किती मिनिटे टिकते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.