पहिल्यांदा बाळ गुंडाळताना

अगं, घाबरू नकोस, दोन-चार दिवसांत हात बसतो. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

सगळ्यात आधी पाय. पाय वाकडे राहतील म्हणून आपल्याकडे ते सरळ ओढून घट्ट बांधतात. तसं अजिबात करायचं नाही. नव्या बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले, गुडघे बाहेर पडलेले असतात, तेच बरोबर. ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निसटू शकतो. कमरेखाली दुपटं सैलच ठेव, पाय आत मनासारखे हलले पाहिजेत. छातीपाशी तुझी दोन बोटं सहज जायला हवीत. वरची कड खांद्यापर्यंतच. त्याहून वर गेली की सुटून नाकातोंडावर येते.

दुपटं धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीचं घे. खानापूर, बेळगावच्या पावसात काही वाळत नाही, म्हणून जास्तीची करून ठेव.

नेहमी होणाऱ्या चुका:
- गारठा म्हणून स्वेटर, टोपी, दुपटं, वर घोंगडी. मानेमागे हात लावून बघ, घाम असेल तर एक थर काढ. घरात झोपताना टोपी नको.
- बंद खोलीत शेगडी. धुरानं जीव गुदमरतो, आईचाही.
- कुशीवर किंवा पालथं झोपवणं. कायम उताणंच.

बाळ वळायची धडपड करू लागलं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच, की गुंडाळणं बंद. आणि रडलं की आधी सोड, पाजायला घे.