बिग बँगच्या आधी काय होतं आणि 'दुसरा मी' कुठे असतो

अरे तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला. तू डोंबिवलीचा, एफवाय बीकॉमला, फिजिक्स करायचं होतं पण घरच्यांमुळे राहिलं, आणि आता यूट्यूबवर एक जण म्हणतो बिग बँग झालाच नाही, दुसरा म्हणतो असंख्य विश्वं आहेत, मग त्यातल्या एखाद्यात फिजिक्स करणारा तू असशील का, असं विचारलंयस. मी वीसेक वर्षं लोकांना वांगणीला आकाशदर्शनाला नेतोय आणि रात्री दोनच्या चहाला हा प्रश्न कोणीतरी काढतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विश्व पसरतंय ही एक गोष्ट, त्याच्या आधी काय होतं ही दुसरी, आणि समांतर विश्वं ही तिसरी. व्हिडिओत तिन्ही एका दमात सांगतात त्यामुळे सगळंच सारखं पक्कं किंवा सारखंच थापा वाटायला लागतं. पण पहिल्याला भक्कम पुरावा आहे, दुसऱ्यावर काम चालू आहे, आणि तिसरं अजून कागदावर आहे. मी कुठलीही थिअरी ऐकली की आधी एवढंच बघतो की ही खरी असेल तर मागे कुठली खूण सोडेल, आणि ती खूण कोणाला सापडलीय का.

बिग बँग म्हणजे काळोखात कुठेतरी बॉम्ब फुटला असं डोक्यात असेल तर ते काढून टाक. शिवणाच्या डब्यातलं इलास्टिक घे, त्यावर पेनाने सारख्या अंतरावर टिंबं काढ आणि ताण. कुठल्याही टिंबावरून बघितलंस तरी बाकीची लांबच जातात आणि जे दुप्पट लांब ते दुप्पट वेगाने जातं, मध्य असा कुठेच नाही. दीर्घिकांचं, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या बेटांचं, हेच गणित लमेत्र नावाच्या बेल्जियन पाद्र्याने 1927 ला मांडलं आणि 1929 ला हबल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने निरीक्षणातून दाखवलं.

पण खरी खूण सापडली 1964 मध्ये. अमेरिकेत न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन हे दोन शास्त्रज्ञ एका भोंग्यासारख्या मोठ्या अँटेनावर काम करत होते आणि त्यात एक बारीक खरखर यायची, दिवसा रात्री, कुठल्याही ऋतूत, कुठेही तोंड फिरवलं तरी तेवढीच. अँटेनात कबुतरांनी घाण केली होती, ती पण साफ करून बघितली, खरखर तशीच. ती होती विश्व साधारण 3,80,000 वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश, जो ताणून ताणून आता रेडिओ लहरींत आलाय आणि त्याचं तापमान उरलंय उणे 270 अंश सेल्सिअसच्या आसपास. आईला विचार, जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर चॅनल नसलं की मुंग्या यायच्या ना, त्यातला थोडासा अंश हाच होता. म्हणजे 1380 कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्या चाळीतल्या टीव्हीवर दिसत होती आणि आपण उठून अँटेना हलवत होतो. मला हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आता 'झालाच नाही' वाला व्हिडिओ. त्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांचं नाव घेतलंय आणि ते मला लागलं, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. सरांनी बिग बँग शेवटपर्यंत मान्य केला नाही हे खरंय. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनीच 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना बिग बँग हा शब्द वापरला आणि हॉइल स्वतः मात्र स्थिर स्थितीच्या बाजूचे, म्हणजे विश्व पसरतं पण नवं द्रव्य तयार होत राहतं त्यामुळे ते कायम सारखंच दिसतं. त्यात अडचणी आल्यावर 1993 ला हॉइल, बर्बिज आणि नारळीकरांनी सुधारित मॉडेल आणलं, त्यात ती खरखर जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाची आहे आणि अवकाशातल्या लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या कणांनी तो प्रकाश शोषून एकसारखा करून परत सोडलाय असं गणित होतं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, मलाही पटत नाही, कारण ती खरखर इतकी एकसारखी आहे की ती साऱ्या विश्वानेच एकदम सोडलेली वाटते. पण सरांनी विरोध केला तो पर्यायी गणित मांडून, जे कोणीही तपासून चूक काढू शकेल. नुसतं 'शास्त्रज्ञ लपवतायत' म्हणणाऱ्याने त्यांचं नाव घेऊ नये.

आधी काय होतं याला आज कोणाकडेच पक्कं उत्तर नाही. अगदी सुरुवातीला आइन्स्टाइनची समीकरणं चालेनाशी होतात. हॉकिंग आणि हार्टल हे भौतिकशास्त्रज्ञ म्हणायचे तिथे 'आधी' हा शब्दच लागू पडत नाही, जसं उत्तर ध्रुवावर उभं राहून अजून उत्तरेला काय आहे विचारावं. ब्रिटिश गणितज्ञ पेनरोज म्हणतात आपल्या आधीही एक युग होऊन गेलं. आणि तुझ्या मित्राने ऋग्वेदातलं सृष्टीच्या उगमाबद्दलचं नासदीय सूक्त पाठवलंय ते मलाही फार प्रिय आहे, पण त्यात बिग बँग शोधू नका रे, ते सूक्त शेवटी 'तोही जाणत नसेल कदाचित' असं म्हणून थांबतं, त्याची ताकद त्या प्रश्नातच आहे.

आता समांतर विश्वं, त्यात परत दोन वेगळे प्रकार आहेत. एक येतो इन्फ्लेशनमधून, म्हणजे सुरुवातीच्या क्षणात विश्व प्रचंड वेगाने फुगलं ही अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ गुथची कल्पना, 1980 च्या सुमाराची. पुढे लिंडे आणि विलेन्किन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हे फुगणं सगळीकडे एकदम थांबत नसेल तर आपल्यासारखे वेगवेगळे बुडबुडे होत राहतील. ते असले तरी इतके लांब की तिथला प्रकाश आपल्यापर्यंत येणारच नाही.

दुसरा प्रकार एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचा, 1957 चा, आणि तुझा प्रश्न खरं तर यातला आहे. क्वांटममध्ये, म्हणजे अणूंहून बारीक कणांच्या भौतिकशास्त्रात, कण मोजायला गेलं की अनेक शक्यतांपैकी एकच दिसते, बाकीच्यांचं काय होतं? एव्हरेट म्हणाला काहीच नाहीशी होत नाही, सगळ्या शक्यता आपापल्या फांदीत चालू राहतात. गोम अशी की याची उत्तरं नेहमीच्या क्वांटमसारखीच येतात, त्यामुळे प्रयोगाने अजून निवाडा झालेला नाही. आणि तू अॅडमिशनच्या फॉर्मवर कॉमर्सला टिक केलीस म्हणून विश्वाला फांदी फुटत नाही रे, ती फुटते अणूंच्या पातळीवरच्या घटनांनी, तुझ्या माझ्या निर्णयांनी नाही. नारळीकरांच्या पानिपतच्या गोष्टीत प्राध्यापक दुसऱ्या इतिहासात जाऊन येतात, पण ती कथेने घेतलेली मोकळीक आहे, एव्हरेटच्या गणितात दोन फांद्या वेगळ्या झाल्या की व्यवहारात निरोपसुद्धा पोचत नाही.

म्हणजे तो दुसरा तू असलाच तरी त्याने केलेला अभ्यास तुला मिळणार नाही, तो तुला इथेच करावा लागेल आणि बीकॉम करता करता होतो, मी अकाउंट्समध्ये नोकरी करूनच हे सगळं शिकलो. वरळीचं नेहरू तारांगण आहे, टीआयएफआरचे, म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक रविवारी 'चाय अँड व्हाय' नावाने सगळ्यांसाठी गप्पा ठेवतात, आणि नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण विज्ञान दिनाला लोकांना बघायला मिळते, 45 मीटरच्या 30 डिश, एकदा तरी जाऊन उभा राहा त्यांच्याखाली.

आणि दिवाळीनंतर अमावस्येच्या जवळपास वांगणीला ये. उत्तरेकडे शर्मिष्ठा तारकासमूहाच्या वरच्या बाजूला देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते, कापसाच्या पुसट बोळ्यासारखी, तिचा प्रकाश निघून साधारण 25 लाख वर्षं झाली. गंमत म्हणजे ती लांब जात नाही, आपल्याकडेच येतेय, कारण एवढ्या जवळच्या अंतरावर गुरुत्वाकर्षण प्रसरणाला भारी पडतं. डोंबिवलीहून बदलापूर गाडीत बसू नकोस, कर्जत किंवा खोपोली बघ, आणि संध्याकाळी सातच्या आत पोच, अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो.